पिराजीचे पाच अडकित्ते

एका गावात एक भोळा पिराजी होता. गावाचं नाव सांगत नाही. मी पण तिथंच राहते, पिराजीच्या शेजारीच.

पिराजी भोळा म्हणजे किती? त्याला कुणी म्हणालं, "पिराजी, जरा म्हशीकडे बघ," की तो संध्याकाळपर्यंत म्हशीकडे बघत बसायचा. म्हैस दुसऱ्याच्या शाळवाच्या पिकात शिरली तरी बघत बसायचा. शाळवाचा मालक काठी घेऊन आला की म्हणायचा, "बघ म्हणाले होते. हाकल कोण म्हणालं?"

त्याची बायको मालन. तिच्या वाटची अक्कल तर तिच्याकडे होतीच, पिराजीच्या वाटची पण तिलाच वापरायला लागायची. ती शिवणकाम करायची. मशीन पायाची, तिच्या आत्याच्या लग्नातली. सात टाके घालायची आणि आठवा खायची. एप्रिलमध्ये शाळेच्या मोठ्या बाईंनी मालनला बोलावलं. म्हणाल्या, "नव्वद गणवेश आहेत. पंधरा जूनला शाळा सुरू. मोटरची मशीन घेतलीस तर काम तुझं. नाहीतर तालुक्याच्या शिंप्याला देते."

मालन घरी आली आणि माळ्यावर चढली. माळ्यावर पिराजीच्या आजाची पत्र्याची पेटी होती. पेटीत पाच अडकित्ते. पितळेचे, सुपारी कातरायचे, पण साधे नव्हेत. एक राघू, एक मोर, एक हंस, एक मासा आणि एक घोडेस्वार. घोड्याचे पाय दाबले की सुपारीचे दोन तुकडे.

"आता सुपारी कातरतंय कोण?" पिराजी म्हणाला. "पुडी फाडली की झालं."

"कातरायला नाही घेत," मालन म्हणाली. "शहरातली माणसं असलं काचेच्या कपाटात ठेवायला घेतात. हजारानं पैसे देतात. मी मोबाइलवर बघितलंय."

"आणि सुपारी?"

"पुडी फाडतात."

मोबाइलवर जुन्या वस्तू विकायची एक साइट होती. तिची रीत मालननं मला भिंतीपलीकडून समजावली. म्हणजे समजावत होती पिराजीला, समजलं मला. गिऱ्हाईक पैसे साइटकडे भरतं. आपण वस्तू पाठवायची. गिऱ्हाईक खूश झालं की साइट पैसे आपल्याला देते. त्यानं तक्रार केली की साइट पैसे त्याला परत देते आणि वस्तू आपल्याला परत येते.

"मालाचे फोटो मी लावते," मालन म्हणाली. "मला शिवणाचं काम आहे. पाठवायचं तुम्ही बघा. आणि लोकांच्या घरी जाणारी वस्तू आहे, जरा स्वच्छ करून पाठवा."

"ध्यानात आलं," पिराजी म्हणाला.

राघू घेतला पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी. सहा हजाराला. पिराजीनं राघू स्वच्छ केला. चिंच लावली, राख लावली, काथ्यानं घासला. परत चिंच. दोन दिवस घासला. राघूचे डोळे गेले, पिसं गेली, चोचीवरची नक्षी गेली. शेवटी असा लखलखला की त्यात बघून पिराजीनं दाढी केली.

आठ दिवसांनी तक्रार आली. गृहस्थांनी लिहिलं होतं, 'मी शंभर वर्षं जुना राघू घेतला होता. मला कालचं कबूतर आलं.'

साइटवरच्या मदतीच्या बाईंचा फोन आला. बाई फार गोड बोलायच्या. "सर, जुन्या वस्तूला हात लावायचा नसतो. तिचा काळेपणा हीच तिची किंमत. ती जशी आहे तशी ठेवायची."

पिराजीला जन्मात कुणी सर म्हणालं नव्हतं. तो उभा राहून म्हणाला, "ध्यानात आलं, बाई."

राघू घरी आला. पैसे घरी गेले.

त्याच आठवड्यात मालनची आत्या राहायला आली. वय ब्याऐंशी. उंबऱ्यात पाय अडकून पडली. पिराजी समोरच बसला होता. आत्या हात वर करून ओरडतेय, "अरं उचल की मला, मुडद्या!" आणि पिराजी दोन पावलं मागं सरकला.

"नाही आत्या. जुन्याला हात लावायचा नसतो. जशी आहेस तशी राहा."

मी धावले म्हणून बरं.

मोर घेतला साताऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी. साडेसात हजाराला. फोटो काढल्यावर मालननं मोर फडताळात रद्दीवर ठेवला होता. पिराजीनं त्याला बोट लावलं नाही. सुपलीनं सरकवून खोक्यात घेतला. मोराखालची रद्दी घेतली. रद्दीवरची धूळ घेतली. मोराच्या चोचीत आजाच्या वेळची अर्धी सुपारी होती, ती घेतली. आणि रद्दीत एक पाल होती. पिराजीनं तिच्याकडे बघितलं. तिनं पिराजीकडे बघितलं. ती पण तिथं बऱ्याच वर्षांची होती. खोकं चिकटवलं.

तक्रार तीन दिवसांत आली. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, 'पाल फोटोत नव्हती.'

मदतीच्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही पाल का पाठवलीत?"

"जशी होती तशी पाठवली, बाई. पुसली पण नाही."

बाईंना जरा खोकला आला. मग म्हणाल्या, "सर, वस्तूबरोबर जे जे असेल ते सगळं आधी लिहायचं असतं. दोष असेल, डाग असेल, मागची काही गोष्ट असेल, सगळं खरं लिहायचं. एक अक्षर लपवायचं नाही."

"ध्यानात आलं."

मोर घरी आला. पैसे घरी गेले. पाल साताऱ्यातच राहिली.

हंसाच्या वेळी मालनला ताप होता. म्हणून फोटोखालचा मजकूर पिराजीनं लिहिला. चौथीपर्यंतचं शिक्षण, पण अक्षर गोल. त्यानं लिहिलं: 'हंस. एक. उजवा पंख वाकडा. आजीनं आजाला फेकून मारला तेव्हा वाकला. आजा वाचला. हा हंस आजानं इनामदारांच्या बैठकीतून न विचारता कमरेला खोचून आणला. इनामदारांनी विचारलं तेव्हा आजानं देवाची शपथ घेतली. शपथ खोटी होती.'

हंस दोन तासांत गेला, नऊ हजाराला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इनामदारांचा नातू आला, मोटरसायकलवर. मोबाइल पिराजीच्या नाकापुढं धरून म्हणाला, "हे तू लिहिलंस?"

"मीच. अक्षर बघा की."

"मग आमचा हंस आण."

पिराजीनं आणून दिला. वर पंखाचं नीट दाखवलं. "इथं वाकडा आहे हं. मागनं तक्रार नको."

गिऱ्हाइकानं मजकूर मागनं वाचला आणि 'चोरीचा माल' म्हणून तक्रार केली. हंस इनामदारांच्या घरी गेला. पैसे गिऱ्हाइकाच्या घरी गेले. मालन अंथरुणातून उठून बसली. त्या दिवशी भिंतीला कान लावावाच लागला नाही.

"अवो, कुणी पण येतंय आणि तुम्ही पण देताय! लिहून घेतलं काय? सही घेतली काय?"

"नाही."

"आता ह्या दारातून काडी जरी बाहेर गेली, तरी आधी सही घ्यायची!"

"ध्यानात आलं."

त्यानं एक वही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे मालन केर टाकायला निघाली, तर हा दारात आडवा. "केर. एक सूप. सही कर." मग म्हैस चरायला निघाली. म्हशीला सही येत नाही. पिराजीनं तिचा खूर निळीत बुडवला आणि वहीत ठसा घेतला. चारी पायांचे घेतले, कारण त्याच्या मते म्हैस चारी पायांनी बाहेर जात होती. दिवसभर निळ्या पायांची म्हैस गावातून हिंडली. मग मी वाटीभर साखर उसनी मागायला गेले. माझ्याकडून पण सही घेतली. पुढं साक्षीदार पण मागितला.

मे महिना अर्धा सरला होता. मोठ्या बाईंचा निरोप आला, "मशीनचं काय झालं?" मालन म्हणाली, "येतीच आहे." राघू पार घासलेला, मोराला पालीमुळं साइटवर कुणी विचारेना. न पाठवलेले राहिले होते फक्त मासा आणि घोडेस्वार.

मासा एका माणसानं घेतला, आठ हजाराला. कुरिअरवाला आला. पिराजीनं त्याच्या तीन सह्या घेतल्या. आता काही चुकलं नाही म्हणून मालननं शेवयाची खीर केली. मला पण वाटीभर दिली, ती पण वहीत लिहून.

चार दिवसांनी तक्रार. 'खोकं रिकामं आलं. मासा नव्हता.'

हा मेला खोटारडा. मासा होता. खोकं चिकटवताना मी स्वतः खिडकीतून बघितला होता. पण साइट खिडकीला विचारत नाही.

"सर, मासा खोक्यात घातल्याचा पुरावा आहे?" मदतीच्या बाई म्हणाल्या.

"कुरिअरवाल्याच्या तीन सह्या आहेत. आणि म्हशीचे चार ठसे."

"सर, चित्रण पाहिजे. वस्तू पाठवताना मोबाइलवर चित्रण चालू ठेवायचं. शेवटपर्यंत ती मोबाइलच्या नजरेआड होता कामा नये."

"पण तो माणूस खोटं बोलतोय, बाई!"

"गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, सर. ते काही म्हणोत, आपण 'बरोबर आहे' म्हणायचं. आमचा नियम एकच. वस्तू परत आली की पैसे परत. काही विचारायचं नाही."

"पण इथं वस्तू पण परत आली नाही."

बाईंनी फोन ठेवला. पिराजी एवढं शहाणं वाक्य आयुष्यात एकदाच बोलला, आणि ते पण वाया गेलं.

मासा गेला. पैसे पण गेले. त्या दिवशी मालननं साइट मोबाइलवरून काढून टाकली आणि जुन्या मशीनवर डोकं टेकून बसली. मी चहा घेऊन गेले. "आक्का," ती मला म्हणाली, "माणूस वाईट असता तर सोडून गेले असते. ह्याचं काय करू?" पिराजी कोपऱ्यात बसून पाठ करत होता, "वाद घालायचा नाही. परत आली की परत. नजरेआड होता कामा नये."

पण देव आंधळा नसतो. दोन दिवसांनी दारात जीप थांबली. कोल्हापूरचे सबनीस साहेब, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले, अडकित्ते जमवायचा नाद असलेले. त्यांनी हंसाखालचा मजकूर वाचला होता आणि गावाचं नाव शोधत आले होते. "आजाची चोरीसुद्धा लिहिणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला," ते म्हणाले. "अजून काही आहे का?"

मालननं एका नजरेत सगळं ओळखलं. ती पिराजीला म्हणाली, "म्हशीला ओढ्यावर न्या. दिवस मावळल्याशिवाय येऊ नका." पिराजी गेला. मालननं घोडेस्वार दाखवला. काळा होता तसा, धुळीसकट. साहेबांनी तो हातात घेतला आणि चष्मा पुसला. बत्तीस हजार रोख मोजले. वाद नाही, साइट नाही, सही नाही.

तिसऱ्या दिवशी मोटरची मशीन घरात. टेबलासकट, ड्रॉवरसकट. मालन पहाटेपासून शिवायला बसायची. भिंतीपलीकडून तो घर्र आवाज यायचा आणि मलाच बरं वाटायचं. दहा जूनपर्यंत पन्नास गणवेश झाले. मध्ये सवड काढून तिनं माझा ब्लाउज पण घेतला शिवायला.

अकरा तारखेला मालन पन्नास गणवेशांचं गाठोडं घेऊन शाळेत गेली. जाताना तिनं पिराजीला काहीच सांगितलं नाही. तिला वाटलं, काही सांगितलं नाही तर काही बिघडणार नाही.

आणि सबनीस साहेबांची जीप आली.

साहेबांचं कोल्हापुरात अडकित्त्यांचं प्रदर्शन होतं. घोडेस्वाराशेजारी लावायला त्यांना पिराजीचा फोटो पाहिजे होता, त्याच्याच दारात. त्यांनी पिशवीतून घोडेस्वार काढला आणि पिराजीच्या हातात दिला. "धरा जरा."

पिराजीनं अडकित्त्याकडे बघितलं. मग साहेबांकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला.

"परत आला म्हणायचा."

"परत? नाही हो, फोटोसाठी..."

"बरोबर आहे, साहेब. बसा."

तो आत गेला आणि घोडेस्वार पेटीत ठेवून कुलूप लावलं. पैसे शोधले. पैसे नव्हते. पैशांची मशीन झाली होती. आता मी तिथं का नव्हते, ते विचाराल. साहेबांच्या चहाला दूध नव्हतं, म्हणून मी डेअरीवर गेले होते. बावीस वर्षांत एकदाच मी खिडकीत नव्हते.

पिराजी मागच्या दारानं, घरामागं सावलीत जीप लावून बसलेल्या ड्रायव्हरकडे गेला. "साहेबांची मशीन आहे. हात लावा." ड्रायव्हरला वाटलं, साहेबांना आणखी एक नाद लागला. दोघांनी मिळून मशीन जीपमध्ये चढवली. जशी होती तशी. पुसली नाही, दोरा काढला नाही, सुईखालचं कापड सोडवलं नाही. वहीवर ड्रायव्हरची सही घेतली.

मी दूध घेऊन आले तेव्हा साहेब अंगणात बाजेवर बसले होते.

"पिराजी, माझा अडकित्ता?"

"पेटीत ठेवला, साहेब. हिशोब मिटला."

"अहो, मला तो परत करायचा नाही!"

"बरोबर आहे, साहेब."

"मग द्या की."

"बरोबर आहे, साहेब." आणि जागचा हलला नाही.

"तुम्ही माझं ऐकताय का?"

"लाजू नका, साहेब. तुमच्याआधी चौघांनी तक्रार केलीय."

साहेबांनी दोन्ही हात जोडले. पिराजीनं पण जोडले. शेवटी साहेबांनी मला विचारलं, "ह्यांच्या मंडळी केव्हा येतात?" मी म्हटलं, "पाचपर्यंत." साहेब म्हणाले, "मग मी धरणाकडे एका जुन्या सहकाऱ्याला भेटून येतो." आणि जीपमध्ये पुढं बसून निघून गेले. मागं बघितलं नाही.

मालन पाचच्या आधीच आली. हसत आली. पन्नासच्या पन्नास पसंत पडले होते. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, राहिलेले चाळीस दे, मग दिवाळीनंतरच्या स्नेहसंमेलनाचे कपडे पण तुझेच. ती उंबऱ्यात थांबली. मशीनच्या जागी चार पायांच्या चार खुणा होत्या.

"मशीन?"

"परत केली."

"कुणाला?"

"साहेबांना. वस्तू परत आली की पैसे परत."

मालन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "साहेबांना फोन लावा."

"फोन मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे."

"ड्रॉवरमध्ये कशाला?"

"चित्रण चालू आहे ना. मशीन त्याच्या नजरेआड होता कामा नये."

मग माझ्या मोबाइलवरून आम्ही पिराजीच्या नंबरला फोन लावला. पंधरा वेळा वाजला. सोळाव्यांदा उचलला. पलीकडे सबनीस साहेब. "अहो, माझ्या गाडीत शिलाई मशीन वाजतेय!"

मालननं मोबाइल माझ्या हातातून ओढून घेतला. रडत, हसत, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "रडू नका ताई. मशीन घेऊन अर्ध्या तासात परत येतो."

मालननं देवाला हात जोडले. मी पण जोडले. पण पिराजी दचकून उठला.

"मशीन परत येतीय?"

"हो."

"परत?"

"हो म्हणते ना!"

पिराजीनं वही घेतली आणि दारात लिहायला बसला. आम्हाला वाटलं, बसू दे बापडा. मी खिडकीत गेले.

जीप आली. मशीन उतरवली, जागेवर ठेवली. मालननं पेटी उघडून घोडेस्वार साहेबांच्या हातात ठेवला आणि वर सुपारी ठेवली. सगळं जिथल्या तिथं लागलं. तेवढ्यात पिराजी पुढं झाला. त्यानं वहीतलं पान फाडून साहेबांना दिलं आणि वर एक किल्ली ठेवली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"मशीन परत आली, साहेब. तिचे पैसे. रोख नाहीत माझ्याकडे, म्हणून हे घ्या."

साहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं: 'घर. जुनं. एक नग. जसं आहे तसं, पुसलेलं नाही. दोष एक, मागची भिंत फुगली आहे. दोष दोन, आत्या अधूनमधून उंबऱ्यात पडते, तिला हात लावू नये. दोष तीन, शेजारीण खिडकीतून सगळं बघते आणि गावभर सांगते.'

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. मालननं खिडकीकडे बघितलं. ड्रायव्हरनं पण बघितलं.

मी खिडकी लावून घेतली. पण फट आहे. साहेब पोट धरून हसत होते. त्यांनी किल्ली मालनच्या हातात दिली, कागद मात्र घडी करून खिशात घातला, प्रदर्शनात लावतो म्हणाले. जीप गेली. मालननं दार लावलं आणि दिवा लावला. मग पिराजीचा आवाज आला, अगदी काळजीत पडलेला.

"मालन, साहेबांनी घर घेतलं नाही. म्हणजे घर परत आलं."

मालननं स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"मग त्याचे पैसे आपण कुणाला द्यायचे?"

भिंतीपलीकडे मशीन घर्र करून सुरू झाली.

चाळीस गणवेश वेळेवर झाले. माझा ब्लाउज पण झाला. धरणापर्यंत सुईखाली अडकून गेला होता, त्यामुळे डावी बाही उलटी लागलीय. घालते तसाच. परत न्यायला चार पावलं पण लागत नाहीत. पण दारात पिराजी बसलेला असतो.